पान पिवळे पडले म्हणजे झाड आजारी नव्हे : दिवेआगरच्या वाडीतील पानगळ आणि हवामान

पोफळीच्या शेंड्याखालचे पान पिवळे पडले, माडाची झावळी लोंबू लागली किंवा आंब्याची कोवळी पाने तांबडी दिसली, की बरेच शेतकरी आधी खताच्या किंवा औषधाच्या दुकानात जातात. यांतली काही लक्षणे रोगाची नसतात. काही हवामानाचा परिणाम असतात आणि काही झाडाच्या नेहमीच्या कामाचा भाग असतात. उलट, ज्या एका पिवळ्या पानाकडे ताबडतोब धावायला हवे ते शेंड्याच्या मध्यभागी असते आणि नेमके तेच नजरेतून सुटते.

दिवेआगर आणि श्रीवर्धन परिसरातल्या वाड्यांसाठी ही चूक जास्त महाग पडते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने रायगडचा किनारा ओलांडला, तेव्हा या पट्ट्यातील माड-पोफळीच्या बागा मोठ्या प्रमाणावर मोडल्या. नव्याने लावलेली पोफळ धरायला पाच ते सात वर्षे लागतात आणि उंच जातीच्या माडालाही साधारण तेवढीच किंवा थोडी जास्त. वादळातून वाचलेले झाड आणि त्यानंतर लावलेले रोप, दोन्ही आज मोलाची आहेत. म्हणून पानाचा रंग आणि पानाची गळ नीट वाचता येणे हे वाडीवाल्याचे रोजचे काम समजावे.

पानाचा रंग बदलतो कसा?

हिरव्या पानात हरितद्रव्यासोबत पिवळी-नारिंगी रंगद्रव्येही असतात. त्यांना कॅरोटिनॉइड म्हणतात. हरितद्रव्य भरपूर असते तोपर्यंत हा पिवळा रंग झाकलेला राहतो. पान म्हातारे झाले, पाणी कमी पडले किंवा अन्नद्रव्य मिळेनासे झाले, की झाड हरितद्रव्य मोडू लागते आणि आत असलेला पिवळा रंग उघडा पडतो. म्हणजे पान पिवळे 'होत' नाही, त्यातला हिरवा रंग निघून जातो.

लाल रंगाची गोष्ट वेगळी आहे. तो अँथोसायनिन नावाच्या द्रव्याचा असतो आणि झाड तो नव्याने तयार करते. त्यासाठी पानात साखर साठलेली असावी लागते आणि भरपूर ऊन लागते. कोवळ्या पानात हा रंग उन्हाच्या माऱ्यापासून संरक्षण देतो, असे मानले जाते.

पान गळण्यापूर्वी झाड त्यातले सामान परत घेते. नत्र आणि स्फुरद यांचा बराच भाग, अनेकदा निम्म्याच्या आसपास, पानातून काढून खोडात आणि नव्या पानांकडे नेला जातो. मग देठाच्या बुडाशी पेशींचा एक नाजूक थर तयार होतो, तो सुटा होतो आणि पान आपल्या वजनाने किंवा वाऱ्याने खाली येते. या क्रियेला इथिलीन हा वायुरूप संप्रेरक चालना देतो. पाण्याचा ताण, मुळांशी साचलेले पाणी आणि वाऱ्याने झालेल्या जखमा या तिन्हींमुळे झाडात इथिलीन वाढते. म्हणूनच उलटसुलट हवामानातही पानगळ सारखीच दिसते.

थंड प्रदेशात थंडी, कोकणात पाणी

काश्मीरमधला चिनार ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये लाल-केशरी होतो. दिवस लहान होतात, रात्री गार पडतात आणि झाड हिवाळ्यासाठी पाने टाकते. दिवसा स्वच्छ ऊन आणि रात्री गारवा, पण कडक हिम नाही, अशी हवा राहिली तर लाल रंग चांगला खुलतो. ढगाळ, उबदार हवेत तो फिका राहतो.

कोकणात रात्री तितक्या गार होत नाहीत. इथे पानगळीचा मुख्य इशारा जमिनीतील ओल देते. रायगड जिल्ह्यात वर्षाला साधारण ३,००० मिमी पाऊस पडतो, पण तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. पुढचे सात-आठ महिने झाडाला साठलेल्या ओलीवर काढायचे असतात. डोंगरउतारावरचे सागवान, ऐन, पांगारा, काटेसावर पाने टाकून पाण्याची बचत करतात. कातळावरच्या उथळ मातीत ही गळ लवकर होते, नाल्याकाठी उशिरा. पाऊस ऑक्टोबरभर रेंगाळला तर पाने जास्त दिवस टिकतात.

खरा पानगळीचा लाल रंग पाहायचा असेल तर किनाऱ्याजवळचा देशी बदाम पाहावा. हिवाळ्याच्या अखेरीस त्याची मोठी पाने गळण्यापूर्वी तांबडी-किरमिजी होतात. काही झाडे वर्षातून दोनदा पाने टाकतात. या लाल पानांवर कोणतीही फवारणी करायची नसते. झाड निरोगी असते, पंधरा-वीस दिवसांत नवी पालवी येते.

पोफळ : पान गळते तेव्हाच पोय उघडते

पोफळीच्या शेंड्यावर एका वेळी साधारण ८ ते १२ पाने असतात. मोठे झाड वर्षाला सुमारे ५ ते ७ पाने टाकते. प्रत्येक पानाच्या विरीखाली एक पोय तयार होत असते. जुने पान पिवळे पडून विरीसकट गळले, की ती पोय उघडी पडते, तिचे आवरण फुटते आणि फुले बाहेर येतात. म्हणजे सर्वांत खालचे एक पान पिवळे पडून गळणे ही पुढच्या सुपारीची सुरुवात आहे. हे पान हिरवे असतानाच ओढून काढू नये. झाडाने त्यातले अन्न अजून परत घेतलेले नसते आणि आतली कोवळी पोयही दुखावते.

गळलेल्या प्रत्येक पानाची खूण खोडावर वळ्याच्या रूपाने राहते. दोन वळ्यांमधले अंतर मोजून पाहा. चांगल्या वर्षात ते जास्त असते. पाण्याचा किंवा खताचा ताण पडलेल्या वर्षात वळी जवळजवळ येतात. शेंड्याजवळची वळी एकदम दाटली असतील, तर झाड गेली दोन-तीन वर्षे उपाशी किंवा तहानलेले आहे असे समजावे. या तपासणीला पैसे लागत नाहीत.

काळजी केव्हा करावी? एकाच वेळी खालची तीन-चार पाने पिवळी पडली, शेंड्यावर सात-आठपेक्षा कमी पाने उरली किंवा नवे पान आधीच्या पानापेक्षा लहान निघू लागले, तर कारण शोधावे.

माड : महिन्याला एक झावळी

निरोगी, धरत्या माडावर साधारण ३० ते ४० झावळ्या असतात. वर्षाला १२ ते १४ नव्या येतात, म्हणजे महिन्याला सुमारे एक, आणि तितक्याच जुन्या गळतात. उलगडल्यापासून झावळी झाडावर अडीच ते तीन वर्षे राहते. प्रत्येक झावळीच्या बेचक्यात एक पोय असते. म्हणून झावळ्या कमी झाल्या की पुढच्या नारळांचे ठिकाणच कमी होते. शहाळी किंवा नारळ काढताना हिरव्या झावळ्या तोडण्याची सवय असेल तर ती मोडावी. पूर्ण वाळून लोंबलेली झावळी तेवढी काढावी.

माडाची आणखी एक बाब लक्षात ठेवण्याजोगी आहे. पोयीचा अंकुर धरण्यापासून नारळ तयार होईपर्यंत साडेतीन वर्षांहून जास्त काळ जातो. त्यामुळे एका कडक उन्हाळ्याचा फटका त्याच वर्षी पूर्ण दिसत नाही. पाने लगेच ताण दाखवतात, नारळ दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी कमी येतात. नारळ घटल्यावर कारण शोधताना फक्त याच वर्षाचे हवामान पाहून चालत नाही.

आंब्याची तांबडी पालवी

आंब्याची कोवळी पाने तांबूस-तपकिरी निघतात आणि काही आठवड्यांत हिरवी होतात. हा अँथोसायनिनचा रंग आहे, रोग नाही. पण ही पालवी केव्हा येते हे मोहोराच्या दृष्टीने महत्त्वाचे असते. मोसमी पाऊस वेळेवर, ऑक्टोबरच्या सुरुवातीला आटोपला, तर पालवी लवकर येते, काडी जून होते आणि थंडीच्या रात्री मिळाल्या की मोहोर फुटतो. पाऊस लांबला किंवा नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये अवकाळी सरी आल्या, तर झाड मोहोराऐवजी पुन्हा पालवीकडे वळते. डिसेंबरात झाड तांबड्या पालवीने भरलेले दिसले, तर त्या फांद्यांवर मोहोर उशिरा येईल किंवा चुकेल, असा अंदाज बांधता येतो. अशा वेळी मोहोर यावा म्हणून जास्तीचे नत्र देऊ नये, त्याने पालवीच वाढते. कोवळ्या पालवीवर तुडतुडे आणि फुलकिडी येतात, त्यामुळे पाहणी मात्र वाढवावी.

कोणत्या ऋतूत पान काय सांगते?

*पावसाळा.* दिवेआगरची जमीन बहुतांशी वाळूमिश्रित. मुसळधार पावसात नत्र, पालाश आणि मॅग्नेशियम मुळांच्या खाली वाहून जातात. पावसानंतर माडाच्या जुन्या झावळ्या पिवळ्या दिसतात त्याचे हे मोठे कारण आहे. मॅग्नेशियम कमी असेल तर पातीच्या कडेला पिवळा पट्टा येतो आणि मधल्या शिरेजवळ हिरवेपणा टिकतो. उन्हात असलेला भाग जास्त पिवळा, सावलीतला हिरवा, हीसुद्धा त्याची खूण. पालाश कमी असेल तर जुन्या पातींवर नारिंगी-पिवळे ठिपके दिसतात आणि टोके करपतात.

सखल भागात पाणी साचले तर मुळांना हवा मिळत नाही. पायाशी पाणी असूनही झाड तहानलेले दिसते आणि पाने सरसकट फिकी पडतात. इथे खत देऊन काही होत नाही. चर काढून पाणी बाहेर काढावे, मगच खताचा विचार करावा.

*ऑक्टोबर हीट.* ढग हटतात, ऊन एकदम तापते. सावलीत वाढलेल्या पोफळीला हा बदल सोसत नाही. पश्चिम व नैर्ऋत्येकडून येणाऱ्या दुपारच्या उन्हाने पाने पिवळी पडतात आणि खोडावर करपल्याचे डाग येतात. तिथे पुढे भेगा पडून खोड कमकुवत होते. वादळात माड पडून वाडीत जिथे उघडीप झाली आहे, तिथे पोफळ, जायफळ आणि मिरी यांच्यावर हे जास्त दिसते. उपाय खताचा नसून सावलीचा आहे. नैर्ऋत्य बाजूला केळी किंवा लवकर वाढणारी झाडे लावावीत. लहान रोपांना झावळ्यांचा आडोसा करावा आणि तरुण पोफळीचे खोड झावळ्यांनी किंवा विऱ्यांनी बांधून झाकावे.

*हिवाळा.* रात्री गार, हवा कोरडी, पूर्वेकडून वारा. जमिनीची वरची ओल लवकर उडते. पाऊस थांबल्यावर शिंपणे सुरू करायला उशीर झाला, तर डिसेंबरातच पोफळीची खालची पाने अकाली पिवळी पडू लागतात.

*उन्हाळा.* मार्च ते मे या काळात माडाच्या खालच्या झावळ्या हिरव्या असतानाच मोडल्यासारख्या लोंबतात आणि लहान फळे गळतात. हा पाण्याचा ताण. ठिबकने मोठ्या माडाला दिवसाला साधारण ३० ते ४० लिटर पाणी मिळावे. पोफळीला पाटाने देत असाल तर वाळूच्या जमिनीत चार-पाच दिवसांपेक्षा जास्त अंतर ठेवू नये.

मे महिन्यात समुद्राजवळच्या विहिरींचे पाणी मचूळ होण्याचा धोका असतो. खाऱ्या पाण्याने पानांची टोके आणि कडा करपतात. माड हे बऱ्यापैकी सोसतो, पोफळ आणि आंबा सोसत नाहीत. टोके करपताना पाहून पाणी आणखी वाढवले आणि ते पाणीच खारे असले, तर नुकसान दुप्पट होते. म्हणून एप्रिल-मेमध्ये विहिरीच्या पाण्याची क्षारता तपासून घ्यावी आणि पंप एकदम तासन्‌तास न चालवता थोडा थोडा वेळ चालवावा.

वादळवाऱ्यानंतर

समुद्रावरून आलेल्या जोरदार वाऱ्यात मिठाचे तुषार असतात. ते पानावर सुकले की पान वाऱ्याच्या बाजूने तपकिरी होते, दुसऱ्या बाजूला हिरवे राहते. सगळ्या बागेत एकाच दिशेला करपलेली पाने दिसली तर तो रोग नाही. वाऱ्यानंतर चांगला पाऊस पडला तर मीठ धुऊन जाते. कोरडे वादळ असेल तर शक्य तिथे रोपांवर गोडे पाणी फवारावे.

फाटलेल्या, पण हिरव्या असलेल्या झावळ्या साफसफाईच्या नावाखाली तोडू नयेत. अर्धी झावळीसुद्धा अन्न तयार करते आणि वादळानंतर झाडाला त्याचीच गरज असते. मधला कोंब शाबूत असेल तर माड सावरू शकतो. पूर्ण पानसंभार भरून यायला मात्र दोन-तीन वर्षे द्यावी लागतात.

किनाऱ्यावरचे सुरू आणि केवडा हे वाडीचे पहिले कुंपण आहे. जिथे ही रांग विरळ झाली असेल, तिथे मागच्या पोफळींची पाने जास्त करपतात. ही रांग पुन्हा उभी करणे हा फवारणीपेक्षा टिकाऊ उपाय आहे.

औषधाच्या आधी तीन प्रश्न

१. कोणते पान बदलले? खालचे जुने पान असेल तर वय, पाणी किंवा नत्र-पालाश-मॅग्नेशियम यांचा विचार करावा. ही द्रव्ये झाड जुन्या पानातून नव्याकडे नेऊ शकते, म्हणून कमतरता खाली दिसते. नवी पाने फिकी आणि जुनी हिरवी असतील तर लोहासारख्या द्रव्याची शक्यता असते. लोह झाडात सहज हलत नाही. शिंपल्यांचा चुरा असलेल्या वाळूत ते मुळांना मिळायलाही अवघड जाते.

२. मधला कोंब कसा आहे? पावसाळ्यात शेंड्याचा न उलगडलेला कोंब फिका पडला, वाळला, हलक्या हाताने ओढताच निघून आला आणि बुडाशी कुजका वास आला, तर तो कोंब कुजण्याचा रोग आहे. इथे थांबू नये. कुजलेला भाग निरोगी भाग लागेपर्यंत कापून काढावा, तिथे १० टक्के बोर्डो पेस्ट लावावी आणि पाऊस आत जाणार नाही असे झाकावे. पेस्टसाठी मोरचूद १ किलो व चुना १ किलो १० लिटर पाण्यात वेगवेगळे भिजवून एकत्र करावे. शेजारच्या झाडांवर १ टक्का बोर्डो मिश्रण फवारावे. बाहेरची पाने हिरवी असल्याने हा रोग खालून दिसत नाही, म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये शेंड्याची मुद्दाम पाहणी करावी.

३. एकच झाड की सगळी बाग? सगळी बाग एकाच वेळी, एकाच बाजूने बदलली तर बहुधा हवामान, पाणी किंवा जमीन. एकच झाड किंवा त्याला लागून असलेली दोन-तीन झाडे बदलली तर कीड-रोग शोधावा. पंख्यासारखी, त्रिकोणी कापलेली पाने गेंड्या भुंग्याची असतात. पानावर काळी काजळी धरली असेल तर पानाच्या खालच्या बाजूला पांढरी माशी पाहावी.

खत आणि पानांचा पालापाचोळा

कमतरताच असेल तर नेमके खत द्यावे. सर्वसाधारण शिफारशीनुसार धरत्या माडाला वर्षाला ५०० ग्रॅम नत्र, ३२० ग्रॅम स्फुरद व १,२०० ग्रॅम पालाश, तर धरत्या पोफळीला १०० ग्रॅम नत्र, ४० ग्रॅम स्फुरद व १४० ग्रॅम पालाश लागते. वाळूच्या जमिनीत हे एकदम न देता निदान दोन-तीन हप्त्यांत द्यावे आणि ऐन मुसळधार पावसात देऊ नये, नाहीतर खताचे पैसे पाण्याबरोबर जातात. मॅग्नेशियमची लक्षणे स्पष्ट असतील तर माडाला वर्षाला ५०० ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट द्यावे. आधीच पिवळी पडलेली जुनी झावळी परत हिरवी होण्याची वाट पाहू नये. सुधारणा नव्या झावळ्यांत दिसते. माती तपासून मात्रा ठरवली तर उत्तम. त्यासाठी श्रीवर्धनचे सुपारी संशोधन केंद्र किंवा तालुका कृषी कार्यालय येथे विचारणा करावी.

शेवटी, गळलेल्या पानांचे काय करायचे? ती जाळू नयेत. गळताना झाडाने काही अन्न परत घेतले, तरी उरलेले पानातच असते आणि पालाश तर पहिल्या पावसातच पानातून जमिनीत उतरतो. निरोगी झावळ्या, विऱ्या आणि नारळाची सोडणे आळ्यात पसरून ठेवावीत. सोडणांची गोल बाजू वर ठेवली तर ओल जास्त टिकते. रोगट किंवा कुजलेला भाग मात्र बागेबाहेर नेऊन नष्ट करावा. भुंग्याची पैदास होऊ नये म्हणून शेणखताचे ढीग आणि कुजके ओंडके वाडीत साठू देऊ नयेत.

येत्या हंगामात प्रत्येक महिन्याला वाडीतल्या ठरावीक पाच माडांच्या आणि पाच पोफळींच्या पानांची संख्या, नवे पान आणि गळलेले पान वहीत नोंदवावे. शेजारी त्या महिन्याचा पाऊस आणि शिंपण्याचे दिवस लिहावेत. वर्षभरानंतर तुमच्या जमिनीत कोणते पान हवामानामुळे गळते आणि कोणते मदतीची वाट पाहते, हे या वहीतून तुम्हाला इतर कोणाहीपेक्षा चांगले कळेल.